पेस्टल घर फिकं पडू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: नव्या घरात भिंती, पडदे, सोफा सगळं पेस्टल रंगांत करायचं आहे. दिवाणखान्यात उजेड बेताचाच येतो, लादी तपकिरी आहे आणि ती बदलायची नाही, सोबत वयस्कर आईवडील राहणार आहेत. मनात दोन धास्ती आहेत. घर लहान मुलांच्या खोलीसारखं दिसेल ही एक, आणि सगळं धुऊन निघाल्यासारखं बेरंग दिसेल ही दुसरी. तर कोणते रंग घ्यावेत?

दोन्ही धास्ती रास्त आहेत. घरं सजवण्याच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मी खात्रीने सांगू शकते, की पेस्टल घर चुकीच्या रंगामुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडतं सगळीकडे उजळपणा सारखाच ठेवल्यामुळे. म्हणून रंगांची नावं सांगण्याआधी हा मुद्दा नीट मांडते. तो कळला की शेडकार्ड बघताना पडणाऱ्या निम्म्या शंका मिटतात.

कोणत्याही रंगाला तीन अंगं असतात. तो लाल आहे की हिरवा ही त्याची जात. तो किती उजळ किंवा गडद हा त्याचा उजळपणा. आणि तो किती भडक किंवा मवाळ ही त्याची तीव्रता. पेस्टल म्हणजे उजळपणा भरपूर आणि तीव्रता कमी. शेडकार्ड हातात आलं की आपण जातच बघत बसतो: पिस्ता घ्यावा की पीच, अस्मानी की लव्हेंडर. पण खोलीत पाऊल टाकल्यावर डोळा आधी वस्तूंच्या कडा शोधतो, आणि कडा कळतात त्या मुख्यतः उजळ-गडद फरकावरून. रंगाची जात त्या कामी फारशी उपयोगी पडत नाही. मिंट भिंतीपुढे तितकाच उजळ गुलाबी सोफा ठेवला आणि त्यावर तितक्याच उजळ पिवळ्या उशा टाकल्या, तर रंग तीन झाले खरे, पण नजर कुठेच ठरत नाही. धुऊन निघाल्यासारखं वाटतं ते यामुळे.

हे तपासायला एक साधा उपाय आहे. खोलीचा, किंवा अजून खोली तयार नसेल तर जमवलेल्या कापडांच्या नि रंगांच्या नमुन्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. एका घरात असा फोटो काढला तेव्हा पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच दिसेना. सोफ्याचा हात, उशी आणि मागची भिंत मिळून एकच राखाडी पट्टा झाला होता. प्रत्यक्षात तिथे चार वेगवेगळे सुंदर रंग होते आणि प्रत्येक रंग निवडायला घरच्यांनी बराच वेळ घेतला होता. आम्ही भिंतींना हात लावला नाही. सोफ्याच्या वर गडद लाकडाची एक लांब, अरुंद फळी बसवली, पडद्यांना भिंतीपेक्षा दोन-तीन पायऱ्या गडद असं धुरकट हिरवं कापड घेतलं आणि कोपऱ्यातल्या दिव्याला काळा लोखंडी दांडा आणला. एवढ्यावर तीच गुलाबी उशी उठून दिसायला लागली. पुन्हा काढलेल्या कृष्णधवल फोटोत पांढरट, मध्यम आणि काळपट अशा तीन पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या.

तेव्हा माझा पहिला सल्ला हा, की सगळं घर पेस्टल करा, पण सगळ्या वस्तू पेस्टल करू नका. भिंती सगळ्यांत उजळ असू द्या. पडदे, गालिचा, सोफा यांतली निदान एक मोठी वस्तू मध्यम गडद घ्या. आणि प्रत्येक खोलीत काहीतरी ठामपणे गडद हवंच: टेबलाचे पाय, फोटोंच्या चौकटी, दाराच्या मुठी, खुर्चीची पाठ. हे गडद प्रमाण फार लागत नाही, नजरेत येणाऱ्या भागाच्या दहाव्या हिश्शाच्या आतही काम होतं. पण ते एकाच कोपऱ्यात न कोंबता खोलीत दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असावं. ६०-३०-१० असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो, ६० टक्के मुख्य रंग, ३० दुय्यम आणि १० उठावाचा. नियम वाईट नाही, पण तो रंगांच्या जातींना लावला जातो. पेस्टल घरात तो उजळपणाला लावा, मग तो खरा कामाला येतो.

ही काही आजची युक्ती नाही. १८ व्या शतकातल्या फ्रान्समधली रोकोको शैलीची दालनं फिक्या निळ्या, गुलाबी, हिरवट भिंतींसाठी प्रसिद्ध आहेत. त्या दालनांची चित्रं नीट बघा. फिक्या भिंतींवर सोनेरी मुलाम्याच्या कडा असतात, खाली लाकडी जमीन असते, आरशांच्या आणि खुर्च्यांच्या चौकटी ठसठशीत असतात. भिंतीचा नाजूकपणा दिसतो तो या कडांमुळेच.

आता लहान मुलांच्या खोलीची धास्ती. पेस्टल रंगांची दोन कुळं आहेत, आणि दुकानात ती शेजारीशेजारी मांडलेली असतात म्हणून फरक लक्षात येत नाही. एक निर्मळ पेस्टल: शुद्ध रंगात पांढरा घालून केलेले. दुसरे धुरकट पेस्टल: त्यात पांढऱ्याबरोबर थोडा करडा, मातकट किंवा विरोधी रंगाचा अंशही असतो. निर्मळ गुलाबी, निर्मळ निळा आणि निर्मळ पिवळा एका खोलीत आले की पाळणाघर झालंच म्हणून समजा, मग फर्निचर कितीही भारी असो. तेच रंग धुरकट कुळातून घेतले, की गुलाबी मातीच्या जवळ जातो, निळा पावसाळी आकाशाच्या जवळ, हिरवा सुकलेल्या पानाच्या जवळ, आणि खोली मोठ्या माणसांची वाटते. ओळखायचं कसं? शेडची पट्टी एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. निर्मळ पेस्टल त्यावर झगझगीत दिसेल, धुरकट पेस्टल किंचित मळकट वाटेल. दुकानात हा मळकटपणा मनाला खटकतो आणि लोक ती शेड बाजूला सारतात. नेमकी तीच भिंतीवर चांगली दिसते.

याचं कारण भिंतींच्या एकमेकींशी चालणाऱ्या देवाणघेवाणीत आहे. रंगवलेल्या भिंतीवर पडलेला उजेड त्या रंगाची झाक घेऊन समोरच्या भिंतीवर जातो, तिथून आणखी झाक घेऊन परत येतो. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की तो रंग शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा बराच तीव्र होतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी आणि एक पायरी धुरकट शेड घ्या. फक्त फिकी घेतली तर पुरत नाही, कारण निर्मळ रंग फिका केला तरी चार भिंतींवर पुन्हा चमकायला लागतो.

दोन्ही कुळांची मिसळ मात्र करू नका. धुरकट हिरव्या भिंतीसमोर निर्मळ गुलाबी खुर्ची आली, की भिंत अस्वच्छ वाटते आणि खुर्ची स्वस्त वाटते. दोघींचीही यात चूक नसते.

रंग मिसळण्याची एक गंमत इथे सांगायला हवी, कारण तिचा निवडीवर थेट परिणाम होतो. रंगात पांढरा घातला की तो फक्त फिका होत नाही, त्याची जातही किंचित सरकलेली दिसते. निळ्यात पांढरा वाढवत गेलं की तो जांभळट भासायला लागतो. लालात पांढरा घातला की गार, निळसर गुलाबी तयार होतो. ऊबदार अबोली किंवा पीच हवा असेल तर त्यात पिवळा असावाच लागतो. म्हणून अस्मानी म्हणून निवडलेली भिंत पुष्कळदा घरात लव्हेंडरकडे झुकलेली वाटते. मशीनवर रंग तयार होतो तेव्हा कोणती रंगद्रव्यं किती घातली ते बहुधा डब्यावरच्या चिठ्ठीवर छापून येतं. ती चिठ्ठी वाचायची सवय लावा. अस्मानीत थोडा हिरवा किंवा पिवळा असेल तर तो जांभळा व्हायचं टळतं, आणि कोणत्याही शेडमध्ये काळ्याचा किंवा मातकट ऑक्साइडचा अंश असेल तर ती धुरकट कुळातली आहे हे न बघताच कळतं.

आता तुमच्या दिवाणखान्यातल्या बेताच्या उजेडाकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

फिका रंग दिला की अंधारी खोली उजळते, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. फिकी भिंत आलेला उजेड परत फेकते, पण मुळात उजेडच आला नसेल तर फेकणार काय? कमी उजेडात फिका रंग राखाडी होतो आणि भिंतीच्या कोपऱ्यांत मळकट सावल्या साठतात. रंगाच्या कंपन्या प्रत्येक शेडसाठी प्रकाश-परावर्तनाचा एक आकडा देतात, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १०० धरून. इंग्रजी अक्षरांवरून त्याला एलआरव्ही म्हणतात. बहुतेक पेस्टल साधारण ६० ते ८५ च्या दरम्यान असतात. तुमच्या दिवाणखान्यासाठी ७० च्या वरची, पण पिवळ्याकडे झुकलेली शेड घ्या: मोतिया, फिका पीच, किंवा पिवळसर झाकेचा फिका हिरवा. निळा, लव्हेंडर आणि गार गुलाबी तिथे टाळा. त्या खोलीत ते दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखे दिसतील.

खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही बघा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कमी येतं आणि आकाशाचा निळसर, स्थिर उजेड येतो, तो फिक्या रंगांमधली ऊब काढून घेतो. दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट दक्षिणेच्या खिडकीची. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं उतरतं ऊन पीच आणि पिवळ्याला पार केशरी करून सोडतं, तिथे धुरकट निळा किंवा करडसर हिरवा शोभतो, कारण तो त्या उन्हाला सावरून घेतो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: ज्या भिंतीत खिडकी आहे, ती भिंत दिवसा सगळ्यांत काळवंडलेली दिसते, कारण उजेड तिच्या मागून येतो. आपली सगळ्यांत आवडती, सगळ्यांत नाजूक शेड त्या भिंतीवर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. खिडकीच्या समोरची भिंत ती शेड खरी दाखवते.

संध्याकाळी आणखी एक बदल होतो. उजेड मावळताना आपले डोळे लाल-गुलाबी रंग लवकर गमावतात आणि निळे-हिरवे रंग त्या मानाने उजळ दिसत राहतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे नोंदवलं आणि त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. व्यवहारात याचा अर्थ असा, की दिवे लावण्याआधीच्या त्या तासाभरात गुलाबी खोली विझलेली वाटते आणि मिंट खोली तजेलदार. जी खोली तुम्ही मुख्यतः संध्याकाळी वापरता तिथे गुलाबी हवाच असेल, तर दिव्यांची सोय आधी करा.

दिव्यांबाबत मी थोडी आग्रही आहे. चांगल्या पेस्टल भिंतीची सगळ्यांत जास्त नासाडी दिवे करतात. दिव्याचा उजेड पिवळट की निळसर हे केल्विनच्या आकड्यावरून कळतं: आकडा लहान तितका उजेड पिवळा. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा पीच आणि मोतिया रंगाला आजारी करून टाकतो. २७०० केल्विनचा पिवळा दिवा फिक्या निळ्याला हिरवट करडा करतो. पेस्टल घरासाठी साधारण ३००० ते ३५०० केल्विन ठीक पडतं, स्वयंपाकघरात आणि कामाच्या टेबलावर ४०००. एका खोलीत दोन वेगळ्या जातींचे दिवे नकोत, भिंतीचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसतात. दुसरा आकडा म्हणजे सीआरआय, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ८० चा दिवा चालतो असं म्हणतात, पण पेस्टल रंगांत रंगद्रव्य मुळातच इतकं कमी असतं, की दिव्याने त्यातलं थोडं खाल्लं तरी हाती करडाच उरतो. ९० च्या वरचे दिवे घ्या. रंगाचा एखादा डबा कमी लागला तरी चालेल, पण इथे काटकसर करू नका.

तपकिरी लादी राहणार आहे, हे उलट बरंच झालं. खोलीतला सगळ्यांत मोठा गडद पट्टा तुम्हाला तयार मिळाला आहे. फक्त ती लादी शेजारच्या रंगांवर काय करते ते समजून घ्यायला हवं. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची चित्रपटं विणली जात, रंगाईचं काम बघत. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली तेव्हा त्यांना आढळलं, की रंगाई ठीक आहे, काळ्याचं तेज शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी उतरवलं आहे. शेजारी आलेले रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात हा त्यांचा सिद्धान्त १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या घरात तो असा लागू होतो: तपकिरी ही खरं तर गडद केशरीच. तिच्या शेजारी फिका निळा आहे त्यापेक्षा जास्त निळा दिसेल, आणि करडा रंगसुद्धा निळसर भासेल. म्हणजे तुम्ही घेतलेला तटस्थ करडा घरात जाऊन निळा झाला तर नवल वाटून घेऊ नका. शिवाय लादीवरून उसळणारा उजेड भिंतीच्या खालच्या भागाला तांबूस झाक देतो. धुरकट हिरवा या दोन्ही गोष्टी सहज पचवतो, म्हणून तपकिरी जमिनीवर तो माझा पहिला पर्याय असतो. त्याच्याबरोबर मातीकडे झुकणारा गुलाबी किंवा अबोली सुंदर जमतो. लव्हेंडर मात्र तपकिरीवर क्वचितच तरतो.

शेड ठरवण्याची रीत सांगते, कारण यात घाई होते. मोबाइलच्या पडद्यावर शेड बघून निर्णय घेऊ नका. पडदा स्वतः उजेड देतो, भिंत देत नाही. जुन्या भिंतीवर ठिगळ मारून बघू नका, कारण भोवतालचा जुना रंग त्या ठिगळाला ढकलत राहतो. साधारण ६० सेंटिमीटर चौरस जाड पुठ्ठा घ्या, कडेने चार बोटं पांढरी जागा सोडा आणि मधे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. मग तो पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा करा. खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या भिंतीवर, कोपऱ्यात, लादीला चिकटून, सोफ्याच्या कापडाशेजारी. सकाळी, दुपारी, दिवे लावण्याआधी आणि दिवे लावल्यावर बघा. दोन शेडमध्ये अडकलात तर जी दुपारी कमी आवडते पण रात्री जास्त आवडते ती घ्या. बहुतेक घरांत माणसं निवांत बसतात ती रात्रीच.

छत आणि चौकटींचा पांढरा हा वेगळा निर्णय आहे, आणि तो बहुधा कुणी घेतच नाही. पांढरा म्हणजे पांढरा असं धरून चालतात. फिक्या भिंतीवर लखलखीत निळसर पांढरं छत आलं की भिंत जुनाट वाटते आणि छत झाकणासारखं खाली आल्यासारखं दिसतं. भिंतीचीच शेड पाव किंवा अर्ध्या प्रमाणात बनवून छताला द्या. दुकानात सांगितलं तर तसं करून देतात. कडा विरघळतात आणि छत उंच वाटतं. लहान खोलीत मी दारं, चौकटी आणि भिंती एकाच शेडमध्ये घेते, फक्त चकाकी बदलते: भिंती बिनचकाकीच्या मॅट, दारं किंचित चकाकणारी सॅटिन. एकाच भिंतीला वेगळा रंग देण्याची पद्धत पेस्टलमध्ये फारशी साधत नाही. फरक इतका थोडा असतो, की तो ठरवून केल्यासारखा वाटण्याऐवजी रंग कमी पडल्यासारखा वाटतो.

आईवडिलांच्या खोलीबद्दल मनापासून सांगते, कारण सजावटीच्या चर्चेत हा विषय येतच नाही. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. त्यामुळे फिका निळा आणि फिका हिरवा वेगळे ओळखणं अवघड होतं, फिका जांभळा करडा वाटतो आणि कमी फरकाच्या कडा दिसेनाशा होतात. तुम्हाला जी खोली हळुवार, एकजीव वाटते, तिथे त्यांना दार कुठे आहे आणि बटण कुठे आहे हे शोधावं लागू शकतं. फिक्या भिंतीवर पांढरं बटण, पांढऱ्या स्नानगृहात पांढरी कडी, हे दिसायला छान असतं आणि वापरायला त्रासाचं. ब्रिटनमधल्या सुगम्यतेच्या, म्हणजे इमारती सगळ्यांना सहज वापरता याव्यात यासाठीच्या, मार्गदर्शनात लगतच्या महत्त्वाच्या पृष्ठभागांमध्ये त्या परावर्तनाच्या आकड्याचा (एलआरव्ही) ३० अंकांचा फरक ठेवायला सांगितलं आहे. तो आकडा डोळ्यांपुढे ठेवा. भिंत ७५ ची असेल तर दाराची चौकट, आधाराची दांडी, बटणांभोवतीची पट्टी ४५ किंवा त्याखालची असू द्या. धुरकट पीच भिंत आणि गडद लाकडी चौकट हे त्या खोलीसाठी चांगलं जमतं. पलंगाची चादरही जमिनीपासून आणि भिंतीपासून स्पष्ट वेगळी दिसायला हवी, म्हणजे बसताना कडेचा अंदाज चुकत नाही.

स्नानगृहात आरशासमोर मिंट नको. भिंतीचा हिरवट उजेड चेहऱ्यावर पडतो आणि माणूस रोज सकाळी स्वतःला थकलेला बघतो. फिका पीच किंवा अबोली तिथे चेहऱ्याला छान उजेड देतो. स्वयंपाकघरात फळ्या-कपाटांच्या खालच्या रांगेला थोडी गडद शेड आणि वरच्या रांगेला फिकी, एवढंच सांगते. डाग खालीच पडतात.

गुलाबी रंग मन शांत करतो, निळा झोप आणतो, असं बरंच वाचलं असेल. १९७९ मध्ये सिएटलमधल्या अमेरिकी नौदलाच्या एका बंदिगृहात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली होती आणि कैदी शांत झाल्याचं सांगितलं गेलं. पुढच्या काळजीपूर्वक प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. तुम्हाला ज्या रंगात बरं वाटतं तो रंग तुमच्यासाठी शांत. फॅशनचंही तसंच. दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करणाऱ्या पँटोन या कंपनीने २०१६ साठी फिका गुलाबी आणि फिका निळा अशी जोडी जाहीर केली, २०२४ साठी पीच. त्या त्या वर्षी सगळ्यांना तेच हवं होतं. असा रंग उशांवर आणि पलंगपोसावर घ्या, भिंत त्यावर सोपवू नका.

कापडांमध्ये पोत बघा. रंग मवाळ असला की नजर पोताकडे वळते. गुळगुळीत भिंत, गुळगुळीत पडदा, गुळगुळीत सोफा आणि तिन्ही फिके, म्हणजे पुन्हा सपाटपणा आला. जाड्याभरड्या विणीचा पडदा, वेताची खुर्ची, लाकडाचे दिसणारे रेषे, मॅट मातीचं भांडं, कुठेतरी थोडं पितळ, यांनी फिक्या खोलीत जीव येतो. बारीक फुलाफुलांचं कापड दुकानात गोड दिसतं, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ते मिसळून एकच धूसर रंग होतो. पेस्टलमध्ये नक्षी मोठी घ्या किंवा रेघा घ्या. आणि ऊन लागणाऱ्या खिडकीत चटकदार गुलाबी किंवा लव्हेंडर लावू नका. तसे रंग देणारी बरीच रंगद्रव्यं फिक्या प्रमाणात असताना उन्हाने लवकर उडतात. मातकट पीच, फिका पिवळसर मातीरंग यांत लोहाची ऑक्साइडं असतात, ती उन्हाला टिकतात. हे भिंतीच्या रंगालाही लागू आहे.

रंगकामाबद्दल थोडं. खिडकीतून भिंतीला घासून येणाऱ्या उजेडात फिक्या भिंतीवर पुट्टीचे उंचवटे स्पष्ट दिसतात, म्हणून पुट्टी घासल्यावर रात्री भिंतीला समांतर टॉर्च धरून तपासा आणि रंगाऱ्याला त्याच वेळी दाखवा. नंतर दाखवून उपयोग नसतो. अशा भिंतींना मॅट द्या, ग्लॉस प्रत्येक खड्ड्याची जाहिरात करतो. हात लागणाऱ्या जागी धुता येणारं मॅट किंवा सॅटिन घ्या. नवं सिमेंट प्लास्टर निदान २८ दिवस मुरू द्या आणि त्यावर अल्कलीला टिकणारा प्रायमर लावा, नाहीतर नाजूक शेड जागोजागी पांढरट होते. ओल असेल तर आधी तिचा उगम बंद करा, पेस्टल रंगावर ओलीचा डाग लपत नाही. जुना रंग गडद असेल तर पांढऱ्या प्रायमरचा हात चुकवू नका. आणि एकाच शेडचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच वापरा. डब्याडब्यात किंचित फरक असतो आणि फिक्या भिंतीवर तो नेमका मधोमध दिसतो.

तर तुमच्या घरासाठी: दिवाणखान्यात ७० च्या वरच्या एलआरव्हीचा, पिवळसर झाकेचा धुरकट हिरवा, छताला त्याचीच पाव शेड. सोफा मध्यम गडद करडसर हिरवा किंवा मातकट गुलाबी, त्यावर फिक्या अबोली उशा, दोन-तीन गडद लाकडी वस्तू. आईवडिलांच्या खोलीत धुरकट पीच आणि गडद चौकटी. तुमच्या खोलीत लव्हेंडरचा मोह होणारच, तिथे लादीवर मोठा फिका गालिचा पसरणार असाल तरच तो घ्या, नाहीतर धुरकट निळा. एका खोलीच्या दारातून दुसऱ्या खोलीची भिंत दिसते, म्हणून तिन्ही शेडचा परावर्तनाचा आकडा पाच-सात अंकांच्या आत ठेवा. जात बदलली तरी घर सलग वाटेल.

क्रम मात्र लोक करतात त्याच्या उलटा ठेवा. आधी सोफ्याचं आणि पडद्यांचं कापड पसंत करून त्यांचे तुकडे घरी आणा, कारण कापडाच्या छटा मोजक्या असतात आणि भिंतीची शेड हवी तशी बनवता येते. मग दिवे बसवून घ्या. त्या दिव्यांखाली पुठ्ठे बघा. भिंतीचा रंग सगळ्यांत शेवटी ठरवा, आणि काम संपल्यावर अर्धा लिटर रंग घट्ट बंद करून, झाकणावर शेडचा कोड नि खोलीचं नाव लिहून ठेवून द्या. पुढे टचअपसाठी नवा डबा आणलात तर छोटं ठिगळ न मारता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत रंगवा.